बॅरन आणि नारकोंडम : अंदमान समुद्रातील दोन ज्वालामुखी बेटे

बॅरन हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. अंदमान-निकोबारची राजधानी पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम. तिथून ईशान्येला सुमारे १३८ किलोमीटरवर तो समुद्रातून वर आलेला आहे. तिथून आणखी सव्वाशे-दीडशे किलोमीटर उत्तरेला नारकोंडम हे दुसरे ज्वालामुखी बेट लागते. बॅरनवर माणसांची वस्ती नाही. नारकोंडमवर आहे ती फक्त पोलीस चौकी. दोन्ही बेटांना १९७७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. मराठी पर्यटक अंदमानला मोठ्या संख्येने जातात, पण त्यांची यात्रा बहुधा सेल्युलर जेलपाशी सुरू होते. विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ या काळात त्या कोठड्यांत होते आणि मराठी घरांत अंदमान या नावाबरोबर तेच आठवते. त्यानंतर हॅवलॉकचा, म्हणजे स्वराज द्वीपाचा, पांढऱ्या वाळूचा किनारा पाहून मंडळी परततात. पूर्वेच्या समुद्रात धुमसणारा डोंगर आहे हे पुष्कळांना ठाऊक असते, पण तिकडे वळणारे थोडे.

अंदमानची मुख्य बेटे ज्वालामुखीतून झालेली नाहीत. समुद्रतळाचा गाळ आणि त्याखालचा खडक चुरगळून, दाबून, वर उचलला गेला आणि त्यातून ती लांबट डोंगररांग तयार झाली. भारतीय भूपट्ट ईशान्येकडे सरकत ब्रह्मदेशाच्या छोट्या भूपट्टाखाली शिरतो. त्या घसरणीच्या कडेला जमलेला हा ढिगारा म्हणजे अंदमान-निकोबार. खाली शिरणाऱ्या खडकात पाणी अडकलेले असते. खोल गेल्यावर उष्णता आणि दाबामुळे ते सुटते आणि वरच्या तप्त खडकात मुरते. पाणी मिसळले की खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. तयार झालेला शिलारस हलका असल्याने वर चढतो आणि घसरणीच्या कडेपासून काही अंतर आत, म्हणजे पूर्वेला, फुटून बाहेर येतो. त्यामुळेच बॅरन आणि नारकोंडम मुख्य बेटांच्या रांगेत नाहीत, पूर्वेला वेगळ्या रेषेवर आहेत. हीच रेषा दक्षिणेला सुमात्रा-जावाच्या ज्वालामुखींकडे आणि उत्तरेला म्यानमारच्या माउंट पोपाकडे जाते.

दिल्लीच्या वाचकाला या बेटांचे कोवळेपण समजण्यासाठी फार लांब जायला नको. करोल बागेच्या पाठीमागे, भुली भटियारीच्या जुन्या शिकारगाहीजवळ, मध्य रिजचा जो खडबडीत लालसर खडक उघडा पडला आहे तो अरवलीचा क्वार्ट्झाइट. एके काळी ती समुद्रकाठची वाळू होती, पुढे दाबाने आणि उष्णतेने घट्ट झाली. तिचे वय एक अब्ज वर्षांहून अधिक आहे. महाराष्ट्राचा काळा पाषाण त्यामानाने अलीकडचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तोही ज्वालामुखीचाच, पण जात निराळी. दख्खनला शंकूसारखे डोंगर क्वचितच उभे राहिले. जमिनीला लांब भेगा पडून पातळ लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरला आणि एकावर एक थर साचत गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्या थरांच्या. बॅरनचे समुद्राबाहेरचे सर्वांत जुने खडक १५-१६ लाख वर्षांचे आहेत आणि मधला शंकू तर माणसाच्या नोंदीत वाढलेला आहे.

ज्वालामुखी बेटावरचे अरण्य मराठी माणसाला नवीन आहे असेही नाही. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साष्टी बेटावर वसले आहे आणि कान्हेरीची लेणी ज्वालामुखीच्या स्फोटातून साचलेल्या खडकात कोरलेली आहेत. फक्त साष्टी आता बेट राहिले नाही आणि दुर्गम तर नाहीच. लोकलने जाता येते.

करोल बागेत सांगली जिल्ह्यातून, विटा-खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून, गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी आलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या भट्टीत सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. बॅरनचा लाव्हा बसाल्टचा आणि अशा लाव्हाचे तापमान साधारण १००० ते १२०० अंश असते. मुशीतले सोने लाल-पिवळे होऊन हलू लागते तेव्हा जो रंग दिसतो, जवळजवळ त्याच रंगाचा रस बॅरनच्या तोंडातून रात्री उडताना दिसतो. दिवसा तो उन्हात हरवतो, दिसते ती राख.

बॅरनचा दिसणारा भाग लहान आहे. बेटाचा व्यास जेमतेम तीन किलोमीटर आणि सर्वोच्च माथा ३५४ मीटर. पण हे टोक आहे. डोंगराचा पाया सुमारे २२५० मीटर खोल समुद्रतळावर आहे, म्हणजे पायथ्यापासून मोजला तर हा डोंगर कळसूबाईहून बराच उंच भरेल. उतार इतका तीव्र की किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरही तळ लागत नाही आणि मोठ्या जहाजाला नांगर टाकायला सोयीची जागा मिळत नाही. बेटाच्या मध्यभागी सुमारे दोन किलोमीटर रुंदीचे महाविवर आहे. फार पूर्वी जुना माथा कोसळून ते तयार झाले. त्याच्या भोवती २५० ते ३५० मीटर उंचीचा कडा तटबंदीसारखा उभा आहे. पश्चिमेला मात्र हा तट फुटलेला आहे. महाविवराच्या तळातून राखेचा नवा शंकू वर आला आणि त्यातून निघालेला लाव्हा याच खिंडारातून समुद्रात उतरतो. मुंबईच्या आयआयटीचे हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या बेटाच्या उद्रेकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. बॅरनविषयी आज जे भूवैज्ञानिक चित्र उपलब्ध आहे त्यात त्या कामाचा वाटा मोठा.

उद्रेकाची पहिली नोंद १७८७ ची. १७८९ च्या मार्चमध्ये लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर, ज्याचे नाव पुढे बंदराला मिळाले, तो बेटाजवळ आला. शंकूतून धूर निघत होता आणि तीन-चार टन वजनाचे दगड बाहेर फेकले जात असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्यानंतर १७९५ आणि १८०३-०४ मध्ये उद्रेक झाले. १८३२ नंतर मात्र डोंगर निजला.

एकोणिसाव्या शतकातले पाहुणे बेटावर उतरत, शंकू चढत आणि मुख्य म्हणजे उतरायच्या जागेजवळचा गरम पाण्याचा झरा तपासत. १८३२ मध्ये जवळजवळ उकळणारे पाणी पुढच्या पाहण्यांत एकंदरीत कमी गरम भरत गेले. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे एफ. आर. मॅलेट यांनी १८८५ मध्ये बॅरन आणि नारकोंडमवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आकडे पाहता डोंगर थंड होत चालला असे मानण्यात गैर काहीच नव्हते. 

२८ मार्च १९९१ ला बॅरन पुन्हा फुटला. दीडशेहून अधिक वर्षांची झोप मोडली आणि उद्रेक सुमारे सहा महिने चालला. लाव्हा पश्चिमेच्या खिंडारातून वाहत समुद्राला मिळाला आणि जिथे तो पाण्यात पडत होता तिथून वाफेचे लोट उठत होते. १९९४-९५ मध्ये दुसरा उद्रेक झाला. २६ डिसेंबर २००४ च्या प्रचंड भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर पाच महिन्यांनी, मे २००५ मध्ये, बॅरन पुन्हा पेटला आणि तेव्हापासून थोड्याथोड्या विश्रांतीने धुमसत राहिला आहे. भूकंपाने ज्वालामुखीला चालना दिली का, हा प्रश्न भूवैज्ञानिकांनी बराच घोळला. एवढ्या मोठ्या धक्क्याने खालच्या शिलारसाच्या कोठीवरचा ताण बदलणे शक्य आहे, पण एका उदाहरणावरून कार्यकारणाचा निकाल लावणे अवघड. सप्टेंबर २०२५ मध्येही उद्रेकाच्या बातम्या आल्या.

अलीकडच्या उद्रेकांपैकी एकाचे उत्तम वर्णन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडून मिळते. २३ जानेवारी २०१७ ला संस्थेचे अभय मुधोळकर आणि त्यांचे सहकारी ‘सिंधू संकल्प’ या संशोधन जहाजावरून बेटाजवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करत होते. अचानक डोंगराने राख ओकायला सुरुवात केली. जहाज सुमारे मैलभर मागे घेण्यात आले आणि मंडळी पाहत राहिली. पाच-दहा मिनिटांच्या झटक्यांत उद्रेक होत होता. उजेडात फक्त राखेचे ढग होते. सूर्य मावळला तशी शंकूच्या तोंडातून लाल लाव्हाची कारंजी उडताना आणि उतारावरून ओघळताना दिसू लागली. तीन दिवसांनी बी. नागेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या तुकडीनेही उद्रेक चालूच असल्याचे नोंदवले. गोळा केलेल्या गाळात आणि पाण्यात कोळशासारखे काळे कण होते. ठरावीक कामाला गेलेल्या जहाजाला असा योग येणे दुर्मीळ, आणि दिवस-रात्रीचा हा फरक पर्यटकांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे: दुपारी जाऊन राखाडी डोंगर पाहणाऱ्याला निम्माच बॅरन दिसतो.

बॅरन पाहता येतो तो बोटीतूनच. बेटावर उतरायला पर्यटकांना बंदी आहे. श्री विजयपुरम किंवा स्वराज द्वीप येथून बोट ठरवावी लागते, वन विभागाची परवानगी लागते आणि परदेशी नागरिकांसाठी नियम अधिक कडक आहेत. बोटीच्या वेगानुसार एका बाजूचा प्रवास पाच-सहा तासांचा किंवा त्याहून मोठा असतो. म्हणून बऱ्याच फेऱ्या रात्री निघतात आणि पहाटे बेटापाशी पोचतात. दिल्लीहून अंदमानपर्यंतचे अडीच हजार किलोमीटर विमानाने पार करणाऱ्यांना शेवटचे हे अंतर जड जाते, कारण अंदमान समुद्रात उघड्यावर लहान बोट फार हलते. डिसेंबर ते एप्रिल हा त्यातल्या त्यात शांत काळ. मे उजाडला की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे फेऱ्यांची खात्री राहत नाही.

बोट जवळ आली की आधी बाहेरचा तट दिसतो, काही ठिकाणी हिरवागार. पूर्व आणि दक्षिण बाजूच्या जुन्या उतारांवर झाडी टिकून आहे, कारण राख आणि लाव्हा बहुतेक पश्चिमेकडे जातात. बेटाला वळसा घालून पश्चिमेला आले की देखावा बदलतो. खिंडारातून आतला राखाडी शंकू आणि त्याच्या तोंडावरची वाफ दिसते. शंकूपासून समुद्रापर्यंत काळ्या लाव्हाचे ओघ पसरलेले असतात. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत नसून धारदार, भुसभुशीत ढेकळांचा असतो. हवाई बेटांच्या भाषेतून आलेल्या शब्दाने भूवैज्ञानिक त्याला ‘आ’ लाव्हा म्हणतात. वारा इकडे फिरला तर गंधकाचा वास येतो. किनाऱ्याची वाळू काळी. पाण्याखालचा उतारही काळाच, पण त्यावर प्रवाळ वाढलेले आहेत आणि समुद्र अतिशय नितळ असल्याने अनुभवी पाणबुडे खास इथे येतात. मोठे मँटा रे मासे हे त्यांचे आकर्षण. नवशिक्याने मात्र इथे बुडी मारू नये: तळ लगेच खोल जातो आणि प्रवाह जोरदार असतात.

उतरण्यावरची बंदी योग्यच आहे. बेटावर डांबरी वाट नाही, निवारा नाही. शंकूचा उतार सुट्या राखेचा असल्याने चढणाऱ्याच्या पायाखालून सरकतो. आणि डोंगर कोणालाही सूचना देऊन फुटत नाही.

बॅरनवर जीवसृष्टी आहे, पण मोजकी. पांढरी-काळी मोठी कबुतरे, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर आणि शेळ्या. या शेळ्या रानटी जातीच्या नव्हेत. जहाज फुटून बेटावर अडकलेल्यांना अन्न मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकात त्या सोडल्या गेल्या. उद्रेक, राख आणि पाण्याची टंचाई सोसून त्यांचे वंशज टिकले. गोड्या पाण्याच्या जागा फार थोड्या असल्याने त्या खारे पाणी पिऊन जगत असल्याची निरीक्षणे आहेत. जहाजे फुटायची थांबली, शेळ्या राहिल्या. पण बॅरनवर ज्वालामुखीच इतकी उलथापालथ करत असतो की शेळ्यांनी केलेले नुकसान वेगळे काढून दाखवणे सोपे नाही. नारकोंडमवर ते सोपे होते.

नारकोंडम बॅरनच्याच जातीचे बेट, पण शांत झालेले. क्षेत्रफळ सुमारे सात चौरस किलोमीटर आणि माथा ७१० मीटर उंच, म्हणजे बॅरनच्या दुप्पट. इथला लाव्हा बॅरनहून घट्ट आणि चिकट होता. तो लांब वाहत गेला नाही, तोंडापाशीच साचला, आणि त्यामुळे बेटाच्या कडा सरळ उभ्या राहिल्या. शेवटचा उद्रेक कधी झाला याची माणसाकडे नोंद नाही. खडक काही लाख वर्षांचे आहेत. दरम्यानच्या काळात किनाऱ्यापासून माथ्यापर्यंत दाट सदाहरित जंगल चढले. माथा बहुधा ढगात असतो. राखेवर माती, मातीवर जंगल आणि जंगलात कुठेही नसलेला पक्षी, हा सगळा क्रम पूर्ण झालेले बेट पाहायचे तर ते नारकोंडम.

तो पक्षी म्हणजे नारकोंडमचा धनेश. जगात फक्त या सात चौरस किलोमीटरांत तो सापडतो. १८७३ मध्ये अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. बारा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. कोकणच्या देवरायांत दिसणाऱ्या महाधनेशाच्या मानाने हा लहान, दोन फुटांच्या थोडा वर. नराचे डोके आणि मान तांबूस, मादी पूर्ण काळी, दोघांची शेपटी पांढरी आणि गळ्यापाशी निळसर कातडी. विणीची रीत मात्र सगळ्या धनेशांची तीच: मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून टाकते आणि उरलेल्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना भरवतो. त्यासाठी जुनी, जाड बुंध्याची झाडे लागतात. अशी झाडे गेली की पक्षी जातो. दाणापाणी कितीही असो.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली आणि एस. ए. हुसेन यांनी १९७० च्या दशकात या पक्ष्याकडे पुन्हा लक्ष वेधले. नंतरच्या पाहण्यांतून संख्या तीन-चारशेच्या घरात मानली जात होती. २०१९-२० च्या हिवाळ्यात नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहित नाणीवडेकर आणि सहकाऱ्यांनी बेटावर काम केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार चौरस किलोमीटरला सुमारे दीडशे आणि एकूण सुमारे एक हजार धनेश आहेत. धनेशांची इतकी दाटी जगात इतरत्र नोंदलेली नाही. कारण समजण्यासारखे आहे. बेटावर वड-उंबराच्या कुळातली झाडे विपुल आहेत, अंडी-पिलांवर टपणारे शिकारी जवळजवळ नाहीत, आणि फळांवर हक्क सांगणारे दुसरे मोठे पक्षीही मोजकेच. ईशान्य भारताच्या जंगलात बिया पसरवण्याचे काम अनेक जातींत वाटलेले असते, इथे त्याचा मोठा भार एकट्या धनेशावर आहे. म्हणून हजार हा आकडा दिलासा देतो, सुरक्षितता देत नाही. एक वादळ, एक रोग किंवा बाहेरून आलेला एक शिकारी प्राणी पुरेसा आहे. दुसरे बेट नाही.

या बेटाने अजून सगळे दाखवलेलेही नाही. २०२० मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या शास्त्रज्ञांनी इथून चिचुंद्रीची एक नवी जात वर्णिली आणि तिला बेटाचेच नाव दिले.

नारकोंडमवर पोलीस चौकी १९६९ मध्ये बसली, ती सीमेच्या कारणाने. बेट म्यानमारच्या कोको बेटांपासून फार दूर नाही, आणि त्या देशाचा नारकोंडमवरचा दावा १९८६ च्या सागरी सीमा करारापर्यंत मिटला नव्हता. चौकीबरोबर नारळ-केळीची लागवड आली, सरपणासाठी झाडतोड आली आणि १९७६ मध्ये दूध-मांसासाठी शेळ्या आल्या. शेळ्या वाढून जंगलात पसरल्या, रोपे खात सुटल्या. मोठी झाडे उभी होती तोवर वरून काही कळले नसते. पण ज्या रोपांची पन्नास-शंभर वर्षांनी ढोलीची झाडे होणार होती ती जमिनीलगतच संपत होती. पक्षीशास्त्रज्ञांनी हे वारंवार सांगितले आणि अखेर शेळ्या हटवण्यात आल्या. या दोन बेटांच्या नोंदवलेल्या इतिहासात नारकोंडमच्या जंगलाला सर्वांत मोठा धोका लाव्हापासून नव्हे, चौकीच्या गोठ्यातून निर्माण झाला.

पुढचा वाद दिल्लीत झाला. तटरक्षक दलाला बेटावर टेहळणीचे रडार आणि त्यासाठी डिझेलवर चालणारे वीजकेंद्र हवे होते. जमीन एक हेक्टरहूनही कमी मागितली होती, पण त्याबरोबर वर जाणारा रस्ता, इंधनाची ने-आण आणि कायमची वर्दळ येणार होती. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या वतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी पाहणी करून प्रकल्पाविरुद्ध मत दिले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री जयंती नटराजन यांनी प्रस्ताव फेटाळला. २०१४ मध्ये सरकार बदलले. नवे मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांच्या काळात त्याला हिरवा कंदील मिळाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी भारताने नारकोंडमचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदवले. सीमेवर नजर ठेवण्याची गरज खरी आहे; रस्ता आणि डिझेल यांच्याशिवाय ती भागवता येईल का, हा प्रश्न मात्र मंत्री बदलला की उत्तर बदलण्याइतका सैल राहिला.

नारकोंडमला पर्यटकांची फेरी जात नाही. पोलीस चौकीची माणसे पाळीपाळीने सरकारी जहाजातून येतात-जातात. संशोधकाला अभयारण्यात जाण्यासाठी वन विभागाचा परवाना लागतो, प्रशासनाची मंजुरी लागते आणि त्याच जहाजांवर जागा मिळावी लागते. धक्का नाही, जहाज दूर थांबते आणि माणसे, धान्य, सामान छोट्या होडीतून लाटा फुटतात तिथे उतरवावे लागते. एकदा उतरलेल्या माणसाची परतीची तारीख ठरते ती पुढचे जहाज आणि समुद्र यांच्यावर.